चाव्याचा फोटो

माणूस माणसाला चावला की दात छापल्यासारखे उमटतात, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. कातडी ओढली जाते, सुजते, दुसऱ्या दिवशी काळीनिळी पडते आणि दातांच्या जागी एक वेडावाकडा गोल डाग उरतो. त्या डागातून दात शोधून काढायचे तर फोटो अगदी जवळून घ्यावा लागतो, आणि जवळून घ्यायचा तर उजेडाशी झटापट करावी लागते. हे मला लख्खने शिकवलं.

लख्ख ही आमच्या इस्पितळातली फोटोग्राफर. चाकू, लाथा, भाजणं, गळा आवळणं, काहीही घेऊन माणूस आला की पोलिसांसाठी जखमांचे फोटो ती काढायची. शेजारच्या खोलीत मी एक्स-रे काढतो. मध्ये एक पातळ भिंत. बाकावर बसलेल्यांना मी सांगायचो, "वरचं तिकडे, आतलं इकडे."

तिला खरं नाव होतं, पण ते पगाराच्या दिवशीच कानावर यायचं. ती आमच्याकडे आली एका स्टुडिओतून. नवरा-नवरीच्या जोड्या, रांगती बाळं, पासपोर्टचे चेहरे हे तिचं जग. पहिल्याच महिन्यात नवऱ्याने गळा दाबलेली एक बाई आली. सावळी बाई, मानेवर बोटांचे वळ, मागे काळा पडदा. लख्खने कॅमेरा आपोआपवर ठेवला, फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवला आणि जवळ जाऊन फोटो काढला. आता कॅमेऱ्याला कुठली अक्कल? समोर सगळं काळंसावळं दिसलं की त्याला वाटतं अंधार आहे, आणि तो उजेड ओतत सुटतो. मान पांढरीफटक आली. वळ पार धुऊन निघाले.

कोर्टात नवऱ्याच्या वकिलाने तो फोटो वर धरला. "कुठं आहेत बोटं? बाईंची मान तर कशी लख्ख आहे!" लोक हसले. नवरा सुटला. इस्पितळातल्या एका सर्जनने ती गोष्ट चहाच्या टेबलावर सांगितली आणि पोरीला नाव चिकटलं.

काही आठवड्यांनी तीच बाई परत आली. स्ट्रेचरवर, चादर तोंडावरून ओढलेली. मानेची हाडं मोडली होती. एक्स-रे मीच काढला. लख्ख माझ्या खोलीत येऊन फिल्मसमोर बराच वेळ उभी राहिली. त्या दिवसापासून सर्जनने तिला त्या नावाने हाक मारणं सोडलं, पण तिने सोडू दिलं नाही. "लख्खच म्हणा," ती त्याला म्हणाली. "लक्षात राहतं."

मग एक दिवस तिची बाही वर सरकली आणि मला तिच्या हातावर गोल गोल निळे डाग दिसले, मनगटापासून कोपरापर्यंत.

"कुणी मारतं का गं तुला?" मी विचारलं. ती एकटी राहते हे ठाऊक होतं, तरी विचारलं.

"मीच चावते."

"काय?"

"मग कुणाला चावू? तुम्ही देताय हात?"

मी हात पाठीमागे नेला. ती हसली, पण थट्टा करत नव्हती. घरी बसून ती स्वतःला रक्त येईपर्यंत चावायची आणि त्या खुणांचे फोटो काढायची. लगेच, दुसऱ्या दिवशी, पिवळं पडल्यावर. एका हाताने कॅमेरा जमेना तेव्हा मला बोलवायला लागली आणि मी तिचा फ्लॅश धरणारा झालो.

त्यात किती खाचाखोचा! इतक्या जवळ गेलं की भिंगाचं तोंड कातडीपासून चार बोटांवर येतं. कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा फ्लॅश भिंगाच्या नळीवरून पलीकडे जातो, जखमेवर पडते ती नळीची सावली. म्हणून फ्लॅश वायरीला जोडून हातात धरायचा. समोरून मारला तर दातांचे खळगे उजेडाने भरतात आणि कातडी सपाट दिसते. बाजूने, कातडीला घासून जाईल असा मारला तर एकेका दाताला आपली सावली मिळते. हाताच्या गोलाईवर सगळे दात स्वच्छ यावेत तर भिंगाचं छिद्र बारीक करावं लागतं, छिद्र बारीक केलं की उजेड पुरत नाही, म्हणून फ्लॅशशिवाय गत्यंतर नाही. आणि फ्लॅश हे मोठं लबाड प्रकरण. अंतर निम्मं केलं की उजेड दुप्पट नाही, चौपट होतो. मी जरा हात पुढे नेला की ती ओरडायची, "भाऊ, भाजताय मला!" आपोआप हा प्रकार तिने कायमचा बंद केला. फ्लॅशचा जोर हाताने उतरवायचा, पार सोळाव्या हिश्श्यापर्यंत. पुढे पातळ कागद लावायचा, म्हणजे ओल्या जखमेवर आरशासारखी चकाकी येत नाही. एक फोटो काढायचा, कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्यावर बघायचा, पुन्हा जोर कमी-जास्त करायचा. त्यानंतर तिचा एकही फोटो कोर्टात पांढरा पडला नाही.

असं सगळं मार्गी लागलेलं असताना तिची आई तिच्या वहिनीला घेऊन इस्पितळात आली.

त्याआधी तिच्या भावाबद्दल सांगायला हवं. दादा तिच्यापेक्षा बराच मोठा, गॅरेजमध्ये मेकॅनिक, पंजा असा की नटबोल्ट पान्याशिवाय सुटावेत. त्यांचा बाप पट्ट्याने मारायचा. बायकोला मारायचा, पोरांना मारायचा, जेवण गार झालं म्हणून मारायचा आणि गरम आहे म्हणूनही. दादाला मिसरूड फुटलं त्या वर्षी एका दुपारी बापाने आईला भिंतीशी दाबून तिच्या तोंडात पट्टा कोंबला. दादा गॅरेजमधून आलेला, हातात मोठा पाना. त्याने बापाच्या हातावर पाना घातला. एकदा नाही, हाड बाहेर दिसेपर्यंत. बाप तो हात पोटाशी धरून गेला तो गेला. पुन्हा त्या घरात आला नाही.

"त्या दिवशी मी टाळ्या वाजवल्या होत्या," लख्खने मला एकदा सांगितलं. "एवढीशी होते. पलंगावर उभी राहून टाळ्या वाजवल्या."

पुढे ती कॉलेजात असताना एका माणसाने तिला जिन्यात गाठलं. दादाने त्याला रस्त्यावर ओढून तुडवलं. त्या मारामारीत दादाचा समोरचा एक दात तिरका तुटला. तो त्याने कधी बसवून घेतला नाही. लोकांना हसून दाखवायचा. "हा माझ्या बहिणीचा दात," म्हणायचा.

तेव्हा आईचं सारं जग त्या मुलाच्या मुठीवर उभं होतं. सून आल्यावर ती मूठ सुनेवर पडू लागली. आईने दार लावून घेतलं आणि नळ मोठा सोडला.

वहिनी कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसायची. अबोल, काटक. ती आली तेव्हा अंगात ताप होता आणि डाव्या खांद्याची जखम चिघळली होती. डॉक्टरने फडकं सोडलं आणि म्हणाला, "हा चावा आहे. माणसाचा."

"नळावर भांडण झालं," आई पटकन म्हणाली. "शेजारची एक आहे, सटवी. ती चावली."

चावा म्हटल्यावर पोलिसांना कळवायचंच. आणि कळवायचं तर फोटो हवा. वहिनीला लख्खच्या खोलीत आणलं. नणंद-भावजयींनी एकमेकींकडे पाहिलं. मी फ्लॅश धरायला उभा राहिलो. आई दारात.

पहिला फोटो काळा आला. खांद्यालगत पांढरी पट्टी होती, तिच्यावर चकाकी येऊ नये म्हणून लख्खने जोर फारच उतरवला होता. तिने पट्टी बाजूला घेतली, शेजारी मोजपट्टी ठेवली. मला म्हणाली, "खाली या. अजून खाली. कानाच्या बाजूने." मी फ्लॅश खांद्याला जवळजवळ टेकवला. इतक्या जवळून उजेड कितीतरी पट, म्हणून तिने जोर आणखी एक पायरी उतरवला आणि बटण दाबलं.

मग ती पडद्याकडे बघत राहिली. मीही वाकून पाहिलं. सूज, रक्ताची खपली, आणि दातांची वरची कमान. पाच खळगे सरळ, आणि मध्ये एक अर्धाच, तिरका, एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही.

तिने फोटो मोठा करून पाहिला नाही. गरजच नव्हती.

"आई," ती म्हणाली, "नळावरच्या बाईचा दात कधी तुटला गं?"

आई आत आली. आवाज घट्ट होता. "तो फोटो पुस. दुसरा काढ. समोरून मार तुझा तो दिवा, येतं ना तुला पांढरं करायला? सगळं गाव तुला त्यावरून नाव ठेवतं. एवढं एक भावासाठी कर."

"आई, तिला ताप आहे. रक्तात विष गेलं असतं तर मेली असती."

"मी मेले नाही ती कुणामुळे? तू आज इथे उभी आहेस ती कुणामुळे? त्या पोराने बापाचा हात मोडला म्हणून आपण जगलो!"

"बाहेर बस," लख्ख म्हणाली.

"मी तुझी आई आहे."

"म्हणून म्हणते, बस. दुसरी कुणी असती तर ढकलली असती."

आई गेली. लख्खने दार लावलं. वहिनी इतका वेळ भिंतीकडे तोंड करून बसली होती. लख्खने विचारलं, "फोटो ठेवू? तू नको म्हणालीस तरी मी पोलिसांना देणार आहे. पण मला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे."

वहिनी म्हणाली, "पाठीवर पण आहेत. तेही काढा."

तिने कुर्ता वर केला. मी फ्लॅश धरून होतो, पण माझी मान आपोआप खाली गेली. लख्खची गेली नाही. तिने एकेक व्रण घेतला, उजेड उतरवत, चढवत, कंबरेपासून मानेपर्यंत. काही जुने होते, पांढुरके, कातडीशी सपाट. ते समोरून दिसतच नव्हते. त्यांच्यासाठी मला जमिनीवर गुडघे टेकून फ्लॅश वर धरावा लागला.

वहिनीला वॉर्डात ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा आला.

मी भिंतीपलीकडे एका म्हाताऱ्याच्या गुडघ्याचा एक्स-रे घेत होतो. आधी फक्त आवाज आला, काच फुटल्याचा. मग लख्खचा: "हात लावू नकोस!" मी धावत गेलो. खोलीतला दिव्याचा स्टँड आडवा पडला होता. दादाने तिला टेबलावर दाबलं होतं, उजवा हात मनगटाशी धरून, आणि दुसऱ्या हातात तिचाच कॅमेरा घेऊन तिच्या बोटांवर मारत होता. कॅमेरा लोखंडासारखा जड असतो. प्रत्येक घावाबरोबर तो बोलत होता.

"तुझ्यासाठी, दात, पाडून, घेतला, मी!"

मी त्याच्या पाठीवर उडी घेतली. त्याने कोपर मागे आणलं आणि माझं नाक फुटलं. मी भिंतीवर आपटून खाली बसलो. डोळ्यांसमोर अंधारी, तोंडात रक्त. वॉर्डबॉय मामा दारापर्यंत आले आणि तिथेच थबकले. त्यांना दोष देत नाही. तो माणूस नव्हताच त्या वेळी.

लख्खचा चेहरा टेबलाला चिकटलेला होता. ती किंचाळली नाही. म्हणाली, "दात माझ्यासाठी पाडलास, दादा. चावलास मात्र तिला."

त्याने कॅमेरा तिच्या डोक्याच्या दिशेने उचलला.

तो खाली आलाच नाही. मागून सलाइनचा लोखंडी स्टँड आला आणि त्याच्या गळ्याखालच्या हाडावर बसला. कटकन आवाज झाला. कितीतरी मोडलेली हाडं बघितली मी, पण मोडताना ऐकलेलं ते पहिलंच. वहिनी उभी होती, वॉर्डाच्या झग्यात, हाताला सुई लोंबत, त्या सुईतून रक्त टपकत. तिने पुन्हा स्टँड उचलला. दुसरा घाव त्याच्या बरगडीवर पडला. तिसऱ्याला मामांनी तिला मिठी मारली.

"सोडा," ती म्हणत होती. "सोडा मला. अजून झालं नाही माझं."

दादा गुडघ्यांवर बसून रडायला लागला. लहान मुलासारखा, तोंड उघडं टाकून. तो तुटका दात दिसत होता. मला आजही कळत नाही की त्याला हाड दुखत होतं की आणखी काही.

पोलीस आले. मग माझ्या खोलीत रांग लागली. आधी लख्खचा हात: तीन बोटं, तर्जनीचा चुरा. मग दादाचं गळ्याचं हाड आणि बरगड्या. मी नाकात कापूस घालून दोघांचे एक्स-रे काढले.

दादाला प्लास्टर घालायला नेणार, तेवढ्यात लख्ख दारात आली. हात गळ्यात बांधलेला, चेहरा चुन्यासारखा.

"त्याचे फोटो काढले का?"

"कसले फोटो?" पोलीस म्हणाला. "याला मार बसला तो चांगलाच झाला."

"मार बसलाय ना? मग फोटो निघणार."

कॅमेऱ्याचा चुरा झाला होता. कपाटात एक जुना होता. बोटं तिची गेलेली, म्हणून कॅमेरा माझ्या हातात दिला आणि फ्लॅश मामांच्या. ती शेजारी उभी राहून सांगत गेली. दादाची छाती घामाने चकाकत होती. पहिल्या फोटोत सगळी चकाकीच आली.

"पुसून घ्या. हळू, दुखतंय त्याला. जोर कमी करा. आणखी कमी. मामा, समोरून नाही, बगलेकडून."

दादाने तिच्याकडे पाहिलं. "कशाला करतेस हे?"

"तुझ्या वकिलाला लागतील."

"माझ्या बाजूचे?"

"जे आहे त्याचे."

आई कोपऱ्यात उभी राहून हे सगळं बघत होती. मुलीच्या हाताकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

खटला उभा राहिला. दादाच्या वकिलाने आमचेच फोटो आमच्यावर फेकले: बघा, बायको किती हिंसक आहे, नवऱ्याचं हाड मोडते, चावा काय घेऊन बसलात, तो तर शेजारणीचा! पण दादाच्या दातांचा साचा घेतला होता आणि चाव्याचा फोटो त्यावर बरोबर बसला, त्या अर्ध्या खळग्यासकट. वहिनीने स्टँड का उचलला हे मी आणि मामांनी सांगितलं. न्यायाधीशबाईंनी दोन्हीकडचे फोटो बराच वेळ शेजारी शेजारी ठेवून पाहिले. दादाला तुरुंग झाला, वहिनीला सोडून दिलं. ती दुसऱ्या शहरात बहिणीकडे गेली आणि तिथल्या कारखान्यात मशीनवर बसली. पत्ता फक्त लख्खला ठाऊक होता.

लख्खची तर्जनी वाकडी जुळली. बटण मधल्या बोटाने दाबायची सवय करायला तिला बरेच महिने लागले. त्या काळात चिडकी झाली होती. एकदा मी फ्लॅश जवळ नेला म्हणून तिने माझ्या पायावर मोजपट्टी फेकून मारली, मग तासाभराने चहा आणून दिला. आई तिच्याशी बोलत नव्हती. दर महिन्याला दादाला भेटायला जायची, आणि जाताना इस्पितळाच्या समोरच्या फुटपाथवरून जायची, आमच्या बाजूने नाही.

दादा सुटला तो थेट इस्पितळात आला. केस पांढरे झालेले. "ती कुठे आहे?" त्याने विचारलं.

"सांगणार नाही."

"मला फक्त माफी मागायची आहे."

"माझी माग. मी इथेच आहे."

तो तिच्या हाताकडे बघत उभा राहिला. त्याच्या मुठी वळल्या, मी खुर्ची धरली. मग मुठी सुटल्या आणि तो गेला. माफी काही मागितली नाही. आईकडे राहू लागला. गॅरेजने परत घेतलं नाही, दिवसभर घरात.

वर्ष गेलं असेल. एका दुपारी लख्खच्या दारात आई उभी. एकटी. तोंडावरून पदरासारखं फडकं घेतलेलं. मी फ्लॅश पुसत होतो, उठून जायला लागलो. आई म्हणाली, "बसा. तुमचं काम आहे ना इथे?"

तिने फडकं काढलं. डोळा बंद झाला होता, गाल फुगला होता, आणि गालावर बोटांचे वळ इतके स्वच्छ, की त्यांना बाजूचा उजेडही लागला नसता.

लख्खने तिला स्टुलावर बसवलं. कामाच्या आवाजात विचारलं, "कुणी मारलं?"

"माझ्या मुलाने," आई म्हणाली. आणि मग, जणू आम्हाला ऐकूच आलं नसेल म्हणून, मोठ्याने, "माझ्या मुलाने."

लख्खने फोटो काढले. शेवटचा काढून झाल्यावर तिने कॅमेरा माझ्याकडे दिला, आईच्या सुजल्या गालावर ओला कापूस धरला आणि म्हणाली, "आता त्या घरी नाही जायचं."

"मग कुठे?"

"माझ्याकडे."

"तुझ्याकडे एकच पलंग आहे."

"तू झोप त्यावर. मी खाली झोपेन."

"खाली कशी झोपशील? हाडं दुखतात तुझी."

असा वाद घालतच त्या दोघी जिना उतरून गेल्या. आता एकत्रच राहतात. दुसरा पलंग आला, तरी रोज भांडतात. आई दार दोनदा तपासते, कडी लावली का ते. दादाला धरायला पुन्हा पोलीस गेले तेव्हा तक्रारीवर आईने स्वतः सही केली, आणि घरी येऊन दोन दिवस जेवली नाही.